मिरगाचा पाऊस पडला, शेजारी पेरायला लागले. मी थांबू का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "औसा तालुक्यात सहा एकर भारी काळी जमीन आहे. पुण्यातली नोकरी सोडून आलो, हा माझा दुसरा खरीप. मृग लागल्यावर दोन दिवसांत ३८ मिलिमीटर पाऊस झाला. शिवारात सगळ्यांचे ट्रॅक्टर सुरू झालेत. आबा म्हणतात, मिरगाची पेरणी साधली पाहिजे, पेरून घे. कृषी सहायक म्हणतात थांबा. सोयाबीन आणि त्यात तूर घ्यायची आहे. थांबायचं तर किती? आणि थांबलो आणि पेरणीच हुकली तर?"

थांबा. ३८ मिलिमीटरवर भारी जमिनीत सोयाबीन पेरू नका.

पण नुसतं 'थांबा' म्हणून तुमचं काम भागणार नाही, हे मला माहीत आहे. एकतीस वर्षं कृषी खात्यात लातूर, धाराशिव, बीड अशी नोकरी झाली. दर जूनमध्ये गावोगावच्या पारावर आम्ही एकच वाक्य सांगायचो: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. लोक माना डोलवायचे आणि तिसऱ्या दिवशी पेरायचे. मला तेव्हा राग यायचा. पुढे निवृत्त होऊन स्वतःच्या नऊ एकरांत उभा राहिलो तेव्हा कळलं की आमचं सांगणंच अपुरं होतं. कशासाठी थांबायचं, कुठवर थांबायचं आणि थांबताना हाताने काय करायचं, हे कुणी सांगत नाही. नुसतं हातावर हात ठेवून थांबणं माणसाला जमत नाही. शेजारच्या रानात तास (पेरणीच्या ओळी) धरलेले दिसले की रात्री झोप लागत नाही. म्हणून या तीनही गोष्टी सविस्तर सांगतो.

आधी ७५चा आकडा कुठून येतो ते पाहू. उन्हाळाभर तापलेली आपली काळी माती भेगाळलेली असते. पहिल्या पावसाचं बरंचसं पाणी त्या भेगांत खाली जातं, वरचा थर नुसता ओलसर होतो. सुकलेल्या काळ्या मातीचा एक सेंटिमीटर थर पुरता भिजायला ढोबळ मानाने ३ मिलिमीटर पाणी लागतं. म्हणजे तुमच्या ३८ मिलिमीटरचा थेंब न् थेंब रानात मुरला, तरी ओल जाईल १२-१३ सेंटिमीटर. तसा तो मुरत नाही. तासाभरात बदाबदा कोसळला असेल तर निम्मा बांधावरून नाल्याला गेला, उरलेल्यातला काही भेगांत, काही दुसऱ्या दिवशीच्या उन्हात. प्रत्यक्षात चार बोटं, फार तर सहा बोटं ओल असेल. ७५ मिलिमीटरला तीच ओल २५ सेंटिमीटरपर्यंत जाते, म्हणजे एक वीत आणि वर थोडी. माझे आजोबा मिलिमीटर शिकले नव्हते. ते म्हणायचे, "वीतभर ओल गेली का बघ, मग तिफण काढ." खात्याचा आकडा आणि आजोबांची वीत एकाच जागी येऊन टेकतात, हे मला नोकरीत बऱ्याच उशिरा उमगलं.

वीतभरच का? बी तर आपण ३-४ सेंटिमीटरवर टाकतो. त्याचं कारण पेरणीनंतरच्या आठ-दहा दिवसांत आहे. वरचे चार-पाच सेंटिमीटर तर वाऱ्याने आणि उन्हाने तीन-चार दिवसांतच सुकतात. खाली ओल असेल तर तोवर कोंबाचं मूळ त्या ओलीला जाऊन पोचतं आणि पुढचा पाऊस दहा दिवस लांबला तरी रोप तग धरतं. खाली कोरडं असेल तर मूळ खाली जातं आणि कोरड्या मातीवर अडतं. त्या जागी रोप मरतं.

आता सोयाबीनचं बी. आबांच्या म्हणण्याचं उत्तर इथे आहे, म्हणून हे नीट वाचा. आबांच्या तरुणपणी तुमच्या शिवारात खरिपाला काय असायचं? ज्वारी, तूर, उडीद, मूग, कुठे कापूस. बियाणं घरच्या कणगीतलं. ज्वारीचा दाणा कणखर. उगवायला स्वतःच्या वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकं पाणी त्याला पुरतं, आणि ओल कमी असेल तर तो मातीत काही दिवस पडून राहतो. सोयाबीनच्या दाण्याला वजनाच्या निम्मं पाणी लागतं. साल पातळ, आत तेल आणि प्रथिनं भरपूर. अर्धवट ओलीत तो फुगतो, सालीला सुरकुत्या पडतात, कोंब डोकं काढायला बघतो आणि ओल संपली की तिथेच कुजतो. एकदा फुगलेला दाणा पुन्हा सुकून जिवंत राहील असं धरू नका. शिवाय सोयाबीनच्या दाण्याच्या दोन्ही डाळी मातीतून वर येतात. कोंबाला मान वाकवून स्वतःचं सगळं ओझं वर ओढावं लागतं. वरून कडक पापडी धरली असेल तर ती मान मोडते.

मिरगाची पेरणी साधायची हा नियम ज्या पिकांसाठी होता, त्या पिकांसाठी खराच होता. आबा चुकलेले नाहीत. पीक बदललं. मराठवाड्यात सोयाबीन पसरलं ते गेल्या पंचवीस-तीस वर्षांत. मुहूर्त मात्र आपण जुन्या पिकाचाच धरून बसलो.

आणि आबांच्या घाईमागे आणखी एक खरी भीती आहे, ती हसण्यावारी नेऊ नका. भारी जमिनीत एकदा झड लागली की पंधरा-पंधरा दिवस वाफसा (चिकटपणा जाऊन रान कामाला येण्याजोगी ओल) येत नाही. पाय घातला तर घोट्यापर्यंत जातो, ट्रॅक्टर रुततो. 'आता वाफसा आहे तोवर पेरून मोकळं व्हावं, पुन्हा रान हाताला लागेल न लागेल' हा हिशेब अनुभवाचा आहे. त्यांना "तुम्हाला कळत नाही" असं कधीही म्हणू नका. त्यांची भीती मान्य करा आणि त्यावर उपाय ठेवा. तो पुढे सांगतो.

माझ्या डोळ्यांसमोरून न हटणारी एक सकाळ सांगतो. नोकरीला लागून तीनच वर्षं झाली होती. गावाकडे वडिलांनी विचारलं, "पेरू का?" दोन मोठे पाऊस झाले होते, आभाळ भरलेलं होतं, मी म्हणालो, पेरा. पदवी माझी होती, त्यांनी माझं ऐकलं. आठ एकर पेरलं. दुसऱ्या दिवसापासून आभाळ मोकळं झालं आणि वारा सुटला. नवव्या दिवशी मी रजा काढून गेलो. वडील तासात उकिडवे बसलेले होते. त्यांनी खुरप्याच्या टोकाने माती हलकेच बाजूला केली आणि दाणा तळहातावर घेतला. साल सैल होऊन गोळा झालेली, अर्ध्या इंचाचा कोंब, आणि कोंबाचं टोक तपकिरी. त्यांनी तो चिमटीत धरला तर पाणी सुटलं नाही, पीठ झालं. दोन पावलं पुढे जाऊन दुसरा काढला. तोही तसाच. ते मला काही बोलले नाहीत. "शेळ्यांना पाणी दाखवून येतो," एवढंच म्हणाले आणि उठले. त्या वर्षी दुसऱ्यांदा बियाणं आणायला आईने गळ्यातलं मोडलं. हे मी फार वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. आज सांगतोय, कारण तुम्ही अगदी त्याच जागी उभे आहात आणि तुमच्याकडे अजून निवड आहे.

दुबार पेरणी म्हणजे नुसती बियाण्याची एक बॅग जास्त नाही. एकरी २६ ते ३० किलो बियाणं, पेरलेलं खत, पेरणीचं भाडं हे सगळं पुन्हा. दुसऱ्यांदा दुकानात गेल्यावर हवा तो वाण मिळत नाही, मिळेल तो घ्यावा लागतो. रोख संपलेली असते म्हणून उधारीवर, आणि उधारीचा भाव वेगळा असतो. पहिल्या पेरणीतलं अर्धंमुर्धं उगवलेलं मोडावं लागतं. आणि हे सगळं करून पेरणीची तारीख तीच येते, जी थांबला असता तर आली असती.

"पाऊस लवकर आला म्हणजे वर्ष चांगलं" हा भ्रम अलीकडच्या दोन वर्षांनी पुरता मोडला आहे. २०२५ मध्ये मॉन्सून केरळात २४ मे रोजी पोचला, २००९ नंतर एवढ्या लवकर तो कधी आला नव्हता. २६ मे रोजी मुंबईत, नोंदी सुरू झाल्यापासूनचा सगळ्यात लवकर. मेमध्येच रानं ओली झाली, लोकांनी रोहिणीतच पेरणीची तयारी केली. मग मेअखेर मॉन्सूनची पुढची वाटचाल थांबली ती जूनच्या मध्यापर्यंत. २०२३ मध्ये उलटं झालं. केरळात ८ जूनला आला, ११ जूनला रत्नागिरीपर्यंत आला आणि तिथेच अडकला. अरबी समुद्रातल्या 'बिपरजॉय' चक्रीवादळाने सगळं बाष्प ओढून नेलं होतं. मुंबई आणि दिल्लीत तो एकाच दिवशी, २५ जूनला पोचला, असं त्याआधी १९६१ मध्ये घडलं होतं. दोन्ही वर्षी तारखेकडे पाहून पेरण्यापेक्षा मातीकडे पाहून पेरणं शहाणपणाचं होतं. अर्थात हेही सांगतो की २०२३चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला, आणि शेंगा भरायच्या वेळी धीराने पेरलेल्यांचीही पिकं सुकली. थांबल्याने तुमची उगवण वाचते, पुढच्या पावसाची हमी मिळत नाही. मी तुम्हाला त्यापेक्षा जास्त काही कबूल करणार नाही.

आता तुम्ही करायचं काय.

पहिलं, पाऊस स्वतः मोजा. ३८ हा आकडा तुम्हाला कुठून मिळाला? महसूल मंडळाच्या केंद्राचा असेल तर ते केंद्र तुमच्या रानापासून सात-आठ किलोमीटरवर असू शकतं, आणि जूनचा पाऊस बैलाच्या एका शिंगावर पडतो, दुसऱ्यावर पडत नाही. सरळ उभ्या भिंतींचा, वरून खालपर्यंत सारख्या घेराचा एखादा डबा घ्या. झाडापासून, घरापासून लांब, उघड्यावर, सपाट दगडावर बसवा, पडू नये म्हणून बाजूने विटा लावा. रोज सकाळी साडेआठला पट्टी बुडवून बघा आणि वहीत लिहा, मग डबा ओता. पट्टीवर जितके मिलिमीटर, तितका पाऊस. किती वेळात पडला तेही लिहा. रात्रभर भुरभुर पडलेले २० मिलिमीटर हे अर्ध्या तासात कोसळलेल्या ४० पेक्षा मोलाचे असतात.

दुसरं आणि जास्त महत्त्वाचं: खणून बघा. डबा आभाळाचं सांगतो, कुदळ रानाचं सांगते. सहा एकरांत चार जागा धरा, चढ, उतार, मधली सपाट आणि बांधाजवळची. वीत-सव्वा वीत खोल खड्डा घ्या आणि खड्ड्याची भिंत बघा. ओली माती काळीभोर दिसते, कोरडी राखाडी. ती रेघ कुठे आहे त्यावर बोट ठेवा आणि मोजा. मग त्या थरातली मूठभर माती घेऊन गच्च दाबा. गोळाच होत नसेल तर ओल कमी. गोळा झाला, तर तो कमरेच्या उंचीवरून खाली सोडा. पडून भुगा झाला तर वाफसा आहे. पडून थापटीसारखा चपटा झाला, तळहात चिकट झाला, तर ओल जास्त आहे, रानात ट्रॅक्टर घालू नका. चारपैकी तीन जागी वीतभर ओल आणि वर वाफसा, हा तुमचा मुहूर्त. पंचांगात २५ जून असो की ३ जुलै.

हे खणायला आबांना बरोबर न्या. माझी ही कळकळीची विनंती आहे. मोबाइलवरचा तक्ता दाखवून त्यांना पटणार नाही, पण खड्ड्यातली रेघ त्यांना तुमच्यापेक्षा चांगली वाचता येते. मी अशा कितीतरी घरांत गेलो आहे जिथे बाप-लेकांचं पेरणीवरून चार दिवस बोलणं बंद होतं, आणि दोघांना एका खड्ड्याशी उभं केल्यावर म्हातारा स्वतःच म्हणाला, "अरं, खाली तर ठणठणीत कोरडंय."

तिसरं, थांबण्याचे दिवस कामाचे करा. पहिल्या पावसाने तणाचं बी उगवतं. आठवडाभर थांबून ते दोन पानांवर आलं की एक हलकी वखराची पाळी घाला. पुढे खुरपणीला लागणारे मजूर तिथेच वाचतात. शेजाऱ्याने घाईत पेरलं त्याचं तण आणि पीक एकाच वयाचं असतं, तुमचं पीक तणाच्या पुढे राहील. माझ्या मते थांबण्याचा हा सगळ्यात मोठा रोकडा फायदा आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

याच दिवसांत उगवण तपासा. गोणपाट भिजवून पिळून घ्या, त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडा, वरून दुसरं ओलं गोणपाट टाकून गुंडाळी करा आणि सावलीत ठेवा. रोज थोडं पाणी शिंपडा. सहा-सात दिवसांनी उलगडून सरळ, निरोगी कोंब आलेले मोजा. शंभरातले सत्तर किंवा जास्त आले तर नेहमीचं प्रमाण. साठ-पासष्ट आले तर त्या हिशेबाने बियाणं वाढवा. त्याहून कमी असेल तर ते बियाणं पेरूच नका. घरचं बियाणं असेल तर हे केल्यावाचून राहू नका. मळणी यंत्राच्या जोरात फिरणाऱ्या ढोलात सोयाबीनच्या पातळ सालीला चिरा जातात आणि दाणा दिसायला चांगला दिसतो. विकतच्या पिशवीवर छापलेला आकडाही गोदामात उन्हाळा काढण्याआधीचा असतो, म्हणून तीही तपासा. बुरशीनाशकाची प्रक्रिया आधी करून ठेवता येते, पण रायझोबियमचं जिवाणू संवर्धन (मुळांना नत्र मिळवून देणारे जिवाणू) बियाण्याला पेरणीच्या दिवशीच लावायचं, आणि बी सावलीत सुकवून लगेच रानात.

पेरणी यंत्राची खोली याच दिवसांत लावून घ्या. भाड्याच्या ट्रॅक्टरवाल्याला रात्रीपर्यंत दहा एकर उरकायचे असतात, तो वेगात जातो आणि फण कुठे दोन बोटं, कुठे चार बोटं खोल जातो. पहिला तास धरल्यावर ट्रॅक्टर थांबवा, माती उकरून दाणा किती खाली आहे ते पट्टीने मोजा. ३ ते ४ सेंटिमीटर. पाचच्या खाली गेलेला दाणा वर येताना दमतो. ट्रॅक्टरवाला कुरकुरेल. कुरकुरू द्या, पाच मिनिटांचं काम आहे.

झड लागण्याची आबांची जी भीती आहे, तिच्यावर उपाय रुंद वरंबा-सरीचा आहे, म्हणजे उंच रुंद पट्ट्यावर पीक आणि दोन पट्ट्यांमध्ये चर. त्या यंत्राने पेरलं तर जास्तीचं पाणी सरीतून निघतं आणि कमी पावसात तेच पाणी सरीत मुरतं. तुमच्या गावात कुणाकडे ते यंत्र आहे का, हे आजच विचारून नंबर लावा. वाफसा आला त्या दिवशी शोधायला गेलात तर मिळणार नाही. साध्या यंत्राने पेरलं तरी दर चार-सहा ओळींनंतर एक सरी पाडून ठेवा. तूर आत घ्यायची तर सोयाबीनच्या चार ओळी आणि तुरीच्या दोन हे प्रमाण आपल्याकडे चांगलं बसतं.

एक फरक लक्षात घ्या. तुमच्याकडे विहीर असेल, तिला आज निदान दोन-तीन तास उपसा असेल आणि तुषार संच असेल, तर नियम सैल होतो. मग ५० मिलिमीटरच्या आसपास वाफसा साधून पेरा, आठ दिवस पाऊस आला नाही तर एक हलकं पाणी द्या. पण "शेजाऱ्याची मोटर मागून घेऊ" या भरवशावर हा हिशेब करू नका. त्या दिवशी त्यालाही पाणी लागणार असतं.

आता तुमचा खरा प्रश्न: थांबलो आणि पेरणी हुकली तर? धीराला शेवटची तारीख हवी, नाहीतर तो आळस होतो. सोयाबीन दिवसाच्या लांबीवर चालणारं पीक आहे. दिवस लहान होत गेले की ते फुलावर येतं, मग रोप कमरेएवढं झालेलं असो की गुडघ्याएवढं. जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पेरलेल्या रोपाला फांद्या फुटायला पुरेसा वेळ मिळतो. पुढे जसजसा उशीर होईल तसं रोप बुटकं राहतं, शेंगा कमी लागतात. १५ जुलैनंतर मी सोयाबीन पेरायला सांगत नाही. म्हणून तुमचा हिशेब असा मांडा: ५ जुलैपर्यंत निवांत थांबायचं. ५ ते १५ जुलै या काळात ओल एक वीत नसून पाऊण वीत असली आणि हवामान खात्याचा पुढच्या आठवड्याचा अंदाज पावसाचा असला, तर पेरायचं. १५ जुलै उलटली तर सोयाबीनचा नाद सोडून तूर, बाजरी, सूर्यफूल, एरंड यांच्याकडे वळायचं. मूग-उडदाला मात्र एवढा धीर चालत नाही. जूनअखेर किंवा जुलैच्या पहिल्या आठवड्यात वाफसा मिळाला नाही तर त्यांचं गणित बिघडतं, कारण ती सत्तर-पंचाहत्तर दिवसांची पिकं ऐन झडीत काढणीला येतात. कुणी मुगासाठी हेच उत्तर वापरू नये.

अंदाजाबद्दल एक शब्द. परभणीच्या विद्यापीठाचा कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, तो वाचा. हवामान खातं दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा ढोबळ अंदाज देतं, त्यातले पहिले दोन आठवडे कामाचे. गावच्या गटावर फिरणारे 'अमुक तारखेला तमुक तालुक्यात मुसळधार' असे निरोप वाचून ट्रॅक्टर बोलावू नका.

पेरल्यावरही धीर लागतो, आणि इथे लोक उलट्या बाजूने चुकतात. पाचव्या दिवशी रान विरळ दिसलं की "उगवलंच नाही" म्हणून मोडायला निघतात. ओल चांगली असली तरी सोयाबीन पूर्ण वर यायला सात-आठ दिवस घेतं. दहाव्या दिवशी मीटरभर लांबीची काठी घ्या आणि पंधरा-वीस ठिकाणी तासात ठेवून रोपं मोजा. ४५ सेंटिमीटरच्या ओळींत पूर्ण उगवणीला मीटरमध्ये सुमारे २० रोपं येतात. १२-१३ रोपं असली आणि ती सारखी पसरलेली असली, तर मोडू नका. सोयाबीन फांद्या टाकून जागा भरून काढतं. मी असं रान मोडू दिलं नाही म्हणून शिव्या खाल्ल्या आहेत आणि दिवाळीत त्याच घरचे लाडूही खाल्ले आहेत. मीटरमध्ये सहा-सातच रोपं असली, किंवा हातभर लांब तास रिकामे असले, तर मात्र वेळ न घालवता नांग्या भरा (रिकाम्या जागी पुन्हा बी टाका) किंवा सगळंच पुन्हा पेरा.

तुमच्या प्रश्नात नाही, पण विषय धीराचा निघाला आहे म्हणून बाजारभावाचं एक सांगतोच, कारण ऑक्टोबरमध्ये तुम्ही पुन्हा असेच अडाल. २०२१च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला १० हजारांवर गेलं. तेव्हा शेतकऱ्यांच्या घरात माल जवळपास नव्हताच. पण तो आकडा सगळ्यांच्या डोक्यात बसला. पुढे २०२२-२३ मध्ये लोकांनी पोती घरात लावून ठेवली. भाव पाच-साडेपाच हजारांत घुटमळत राहिला, मग उतरला, आणि २०२४च्या हंगामात तर ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखाली माल विकावा लागला. कित्येकांनी सोसायटीचं व्याज भरत दोन वर्षांचा माल सांभाळला, दाण्याचं वजन घटलं ते वेगळंच. पेरणीला थांबताना तुमच्यासमोर वीतभर ओलीची खूण आणि १५ जुलैची हद्द होती. भावाला थांबताना त्यांच्याकडे खूणही नव्हती आणि हद्दही. मी घरी असं करतो: देणी भागतील एवढा, साधारण निम्मा माल काढणीनंतर वाळवून, ओलावा १२ टक्क्यांच्या आत आणून विकतो. उरलेल्याला फेब्रुवारीअखेरची तारीख घालतो. त्या दिवशी भाव काय असेल तो असो, माल जातो.

आता उद्याचं. उद्या सकाळी उन्हं चढायच्या आत कुदळ, पट्टी आणि आबा, तिघांना घेऊन रानात जा. चार खड्डे घ्या, चारही ठिकाणची ओल वहीत लिहा. येताना शेजाऱ्याच्या पेरलेल्या रानात, त्याला विचारून, एका तासातले चार-पाच दाणे उकरून बघा. फुगलेत का, कोंबाचं टोक पांढरं आहे की तपकिरी, ते आबांच्या तळहातावर ठेवून बघा. परतताना यंत्रवाल्याच्या घरावरून या आणि २० जूनच्या पुढचा नंबर बोलून ठेवा. गोणपाटातली उगवण उद्याच लावा, म्हणजे पुढच्या आठवड्यात आकडा हातात असेल. चार खड्ड्यांची मापं आणि उगवणीचा आकडा मला कळवा. शेजाऱ्याचे दाणे पांढऱ्या कोंबाचे निघाले तर तेही कळवा, मला आनंदच होईल.